नामूची खांड

तुम्ही माझं एखादं भाषण ऐकलं असेल, तर तुम्हाला वाटेल की ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. नाही. तुम्हाला ठाऊक आहे ती मी रचलेली. खरी मी आजवर कुणाला सांगितली नाही — बायकोला नाही, मुलीला नाही, दिल्लीत भिंतीला भिंत लावून राहिलेल्या मित्रांनाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर हात सारखा चष्म्याकडे जातोय. काचा पुसायच्या, परत घालायचा, परत काढायचा. सरळ सांगून टाकणं अजून जमत नाही. जरा वळसा घालून येतो — चालेल ना?

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. पुढे लोकांनी दोनदा खासदार केलं. पण त्याआधी, आणि माझ्या लेखी त्याहून मोठं, ते हे — आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. बापाला सही येत नव्हती. आईला घड्याळ कळत नव्हतं, भरती-ओहोटी कळायची. त्या घरातून मी एम.ए. झालो, डॉक्टरेट घेतली, मुंबईत पोरांना शिकवलं. खासदार असताना कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायलो नाही. हे सगळं मी ताठ मानेने सांगतो. आजही सांगेन. ताठ मानेची सवय आहे मला — म्हणून तर हे इतकं लांबलं.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. खाजणातली भातशेती. भरतीच्या वेळी शेतं खाली आणि पाणी वर, अशी तऱ्हा. मधे फक्त एक मातीचा बांध, लांबच लांब. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. मोठ्या उधाणाला हा काठा कुठेतरी फुटतो. फुटलेल्या जागेला म्हणायचं खांड. खांड गेली की गावात हाळी पडते, आणि घरटी एक माणूस हातातलं टाकून धावत सुटतो. याला जोळ म्हणतात. मजुरी नाही, बोलावणं नाही, सबब नाही. जोळीचा मुकादम काठ्यावर उभा राहून एकेक घर पुकारतो, त्या घरचं माणूस म्हणतं — हाय. पुकारलेल्या घराकडून उत्तर आलं नाही, असं होत नाही. झालं तर त्या घरानं गावात राहायचं कसं? कुणी वाळीत टाकत नाही, कुणी दंड करत नाही. फक्त हसतात. आणि आमच्याकडचं हसणं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

आणखी एक रीत आहे. फुटलेल्या काठ्यातून लोंढा आत घुसत असतो, तेव्हा त्याच्या तोंडात कुणीतरी आधी उतरावं लागतं. अंगावर पाणी घेत, रोवलेल्या बांबूला पाठ लावून उभं राहायचं; मग मागचे लोक तट्ट्या लावतात, पेंढा दाबतात, हातोहात चिखलाचे गोळे आणून टाकतात. जो पहिला उतरला, त्याच्या घराचं नाव त्या खांडीला कायमचं पडतं. घराचं नाव म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचं. काठ्यावरून चालत गेलात तर आता गवत माजलेलं दिसेल, फूट कुठे पडली होती तेही कळणार नाही. पण गावातलं कुणीही दाखवील — ही गोमाची खांड, ही बाळ्याची, ही नागूची.

त्यातली एक आहे नामूची खांड. नामू म्हणजे मी.

आता हिराबद्दल सांगायला हवं.

हिरा माझी थोरली बहीण. मी तिला बाय म्हणायचो. बाप गेला तेव्हा ती चौथीत होती आणि मी अजून पाटीवर रेघोट्या मारत होतो. तिची शाळा तिथे थांबली. माझी चालू राहिली. याच्यावर आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही, कुणी कुणावर उपकार केल्याची भाषा झाली नाही — ती मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायला जायला लागली, मी शाळेत. बस. संध्याकाळी ती मिठाने पांढरे पडलेले पाय धुवायची आणि मला म्हणायची, वाच काय शिकवलं ते. मी वाचायचो. तिला कळो न कळो, ती हं हं म्हणायची.

पुढे मी कॉलेजला गेलो, तेव्हा सुट्टीत आम्ही काठ्यावर जाऊन बसायचो. ती भाकरी आणि सुकट फडक्यात बांधून आणायची. समोर खाडी, खाडीत रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच. एकदा तिनं विचारलं, अर्थशास्त्र म्हणजे काय रं? मी नुकतंच शिकलेलं सांगितलं — माणूस काहीतरी मिळवायला काहीतरी सोडतो, त्याचा अभ्यास. ती इतकी हसली की भाकरी घशात अडकली. म्हणाली, त्याला मुंबईला जायला लागतं होय? मग म्हणाली, नामू, तू मास्तर झालास ना, की मला त्या लाँचमधून ने. तुझं कॉलेज बघायचंय. मी म्हटलं, नेतो.

ते काठ्यावरचे दिवस. मी जग पाहिलं, चांगल्या जागी जेवलो, मोठ्या माणसांशी बोललो. पण मला आठवण येते ती त्याच वाऱ्याची. ओहोटीच्या चिखलाचा तो वास, आणि बाजूला ती, आणि तिची हाक — नामू. ही हाक मी कुठे, कशी घालवली, तेच तर सांगायचंय.

एम.ए. झाल्यावर मुंबईच्या एका कॉलेजात मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत सकाळची. मी ठरवलं की आदल्या दिवशी दुपारच्या लाँचने जायचं, रात्री दादरला मित्राकडे टेकायचं. तो दिवस सर्वपित्री अमावस्येचा. पाऊस ओसरलेला, भात पोटरीला आलेलं, कुठेकुठे कणीस बाहेर पडलेलं. आई चुलीपाशी, मी नवा शर्ट घालून आरशापुढे. अमावस्येचं उधाण भर दुपारच्या आसपास चढतं. आणि तेवढ्यात हाळी पडली — खांड गेली.

मला ऐकू आली का? आली. स्वच्छ आली. नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होतो की मी तेव्हा घराबाहेर पडलोच होतो, वारा उलटा होता, नीटसं कळलं नाही. खोटं. मी आरशात माझंच तोंड बघत होतो आणि त्या तोंडाला हाळी ऐकू आलेली मी पाहिली.

घरातला कर्ता पुरुष मी. दुसरा कुणी नाही. मुलाखत उद्या होती. पहाटेची पहिली लाँच धरली असती तरी मी वेळेत पोचलो असतो. हे तेव्हाही माहीत होतं. मग? भीती वाटली. पाण्याची थोडी — मी काठ्याखाली वाढलेला असूनही मला लोंढ्याची भीती वाटायची, हे कुणाला माहीत नव्हतं. पण जास्त भीती वेगळीच होती. वाटलं, आज या चिखलात उतरलो तर मी या गावाचाच राहीन. हा शर्ट, ही मुलाखत, सगळं चिखलात जाईल. आज उतरलो नाही तर सुटलो. असं वाटणं म्हणजे काय, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुम्हाला कधी वाटलंय असं, आपल्याच माणसांबद्दल?

मी पिशवी उचलली. बाय दारात उभी होती. मी तिच्याकडे बघेना. ती एवढंच म्हणाली,

“जा तू. मी हाय.”

मी परसातल्या वाटेनं निघालो. पुढची वाट घेतली असती तर काठ्याकडे धावणारी माणसं समोर आली असती.

लाँचमध्ये मी डेकवर बसलो. धक्क्यापासून सुटून ती खाडीच्या तोंडाशी आली, तेव्हा आमच्या गावाची बाजू दिसली. लांब, एक बारीक काळी रेघ, आणि त्या रेघेवर माणसं — मुंग्यांसारखी म्हणतात तशी नाही, मुंग्या चालतात तरी. ही एका जागी दाटलेली होती. मी शेजारच्या कोळणीच्या पाट्यांकडे बघत राहिलो. ती म्हणाली, फुटला वाटतं काठा कुणाचा. मी म्हटलं, असेल.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत तिघेजण होते. मधल्या प्राध्यापकांनी विचारलं, माणूस स्वतःच्या फायद्यापलीकडे काही करतो का, की तुमचं अर्थशास्त्र तिथेच संपतं? पुस्तकी प्रश्न होता. मी पुस्तकी उत्तर देऊ शकलो असतो. त्याऐवजी मी जोळीबद्दल बोलायला लागलो. घरटी एक माणूस, मजुरी नाही, हाळी पडली की सगळे धावतात. बोलता बोलता माझा आवाज चढला. आणि मग मी म्हणालो — कालच आमचा काठा फुटला, मी तिथूनच आलोय.

मी तिथूनच आलोय. शब्दाला शब्द खरं. गाव तेच, दिवस तोच. तिघंही माझ्या हातांकडे बघायला लागले. मी हात टेबलाखाली घेतले. हात स्वच्छ होते. त्यांना वाटलं, मी लाजलो.

नोकरी मिळाली.

आठवड्याने पेढ्यांचा पुडा घेऊन गावी गेलो. काठ्यावर नवी माती अजून ओली, काळी. पारापाशी जोळीचे मुकादम धर्माकाका बसले होते. मला बघून म्हणाले,

“या मास्तर. खांड नामूची, नि नामू भाऊच्या धक्क्यावर.”

सगळा पार हसला. मीही हसलो. काय करणार? तेव्हा कळलं की बाय उतरली होती. आमच्याकडे बायका जोळीला येतात, मागे उभ्या राहून गोळे पुढे देतात. तोंडात पुरुष उतरतो. ती उतरली होती, सगळ्यांत आधी. आणि रीतीप्रमाणे खांडीला घराचं नाव पडलं — माझं. गावानं ते थट्टेनं पाडलं होतं. पुढची काही वर्षं ती थट्टाच होती, मी गेलो की कुणी ना कुणी धक्क्याची आठवण काढायचंच. मला ती थट्टा तेव्हा झोंबायची. आता वाटतं, तेवढं हसत राहिले असते तर बरं झालं असतं.

घरी आलो तर बायचा उजवा हात जुन्या लुगड्याच्या झोळीत. लोंढ्यानं तिला बांबूवर आदळलं होतं. ती म्हणाली, मुरगळलाय, होईल. आईनं ओवा-मोहरीचा शेक चालवला होता. मी म्हटलं, मुंबईला दाखवू. ती म्हणाली, आधी पेढा दे. डाव्या हातानं पेढा घेतला, अर्धा मला भरवला.

तो खांदा कधी नीट झाला नाही. हात छातीपर्यंत येतो, वर जात नाही. केस ती डाव्या हातानं विंचरते. लग्न झालं, चौलला, वाडीवाल्याच्या घरात — नारळ, सुपारी, चांगली माणसं. मुलंबाळं झाली. कुणाला काही सांगायची वेळ आली तर ती म्हणते, लहानपणी पडले होते. मी मुंबईला दाखवू म्हटलं होतं, ते म्हणण्यापुरतंच राहिलं. लाँचमधून कॉलेज दाखवायला नेतो म्हटलं होतं, तेही.

माझं मात्र पुढे चांगलं चाललं. मी जोळीवरच प्रबंध लिहिला. वर्गात एक धडा असतो — सगळ्यांच्या कष्टाचा लाभ घेऊन स्वतः काही न करणारा माणूस. पोरं त्याला फुकट्या म्हणतात. हा धडा मी फार रंगवून शिकवायचो. सांगायचो, आमच्या गावात फुकट्या नाही. आमच्याकडे हाळी पडली की आम्ही सगळे पाण्यात असतो. आम्ही, असं म्हणायचो. वर्षं गेली तसा तो आम्ही झिजत गेला. कुठल्या वर्षी, कुठल्या वर्गात मी पहिल्यांदा “मी छातीभर पाण्यात उभा होतो” असं म्हटलं, मला आठवत नाही. हेच जास्त वाईट आहे, नाही का? चोरी केलेली आठवते. ही कधी केली तेही आठवत नाही.

मग पेपरांत लेख यायला लागले, किनाऱ्यावरच्या प्रश्नांवर मला बोलावू लागले. एक दिवस पक्षाची माणसं घरी आली. त्यांना उमेदवार हवा होता — शिकलेला, स्वच्छ, आणि मातीतला. मातीतला असल्याचा पुरावा माझ्याकडे तयार होता. गावच्या काठ्यावर माझ्या नावाची जागा होती.

अर्ज भरण्याआधी गावदेवीला नारळ द्यायला गावी गेलो. धर्माकाका खाटेला खिळलेले. त्यांच्या पायाशी बसलो. बरंच काही बोलले, जुनं. मग मला जवळ बोलावून म्हणाले,

“तुझं घर पुकारला ना रं, तेव्हा समदी हसली. लाँचवर हाय, म्हणली. म्हणून ती उतरली.”

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, ती धाडसी, म्हणून उतरली. मागे राहून गोळे देत उभी राहिली असती तरी तिचं घर मोजलं गेलं असतं. ती उतरली, कारण लोक मला हसले. हाय म्हणाली आणि सरळ तोंडात गेली, ते हसणं बंद व्हावं म्हणून.

धर्माकाकांनी माझ्यावर आरोप केला नाही. त्यांनी फक्त सांगितलं. मला तेव्हा वेळ होता. अर्ज भरायचा होता अजून, पहिलं भाषण व्हायचं होतं. बाहेर येऊन खरं बोलता आलं असतं. गावाला नव्यानं सांगायचं काय होतं त्यात? सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हणजे फक्त बाहेरच्या लोकांसाठी खोटा होतो. गावात अजून खरा होतो. धर्माकाका महिन्याभरात गेले.

प्रचाराची पहिली सभा आमच्या गावातच ठेवली होती. पार सजवला होता. उमेदवाराची बहीण म्हणून बायला चौलहून गाडी पाठवून आणलं, बायकांत पुढे खुर्ची दिली. मी उभा राहिलो. जोळीबद्दल बोललो, काठ्याबद्दल बोललो. सगळं छान चाललं होतं. आणि मग — सगळे ओळखीचे चेहरे समोर, त्या दिवशी काठ्यावर असलेली माणसं समोर, ती समोर — मी म्हणालो, “माझं नाव त्या काठ्यावर आहे. कारण लोंढा आला तेव्हा छातीभर पाण्यात मी उभा राहिलो.”

तुम्ही म्हणाल, गाव काय म्हणालं? गावानं टाळ्या वाजवल्या. मागे एका पोरानं शेजारच्या म्हाताऱ्याला काहीतरी विचारलं, म्हाताऱ्यानं त्याच्या मांडीवर हात दाबला. त्यांना त्यांच्यातला माणूस दिल्लीला पाठवायचा होता. त्यांनी तेव्हाही जोळच केली. मी फोडलेली खांड, ती त्यांनी गप्प राहून भरली, घरटी एक माणूस.

मी बायकडे पाहिलं. तीही टाळ्या वाजवत होती. तिचा हात छातीपर्यंतच येतो. टाळ्यांना तेवढा पुरतो.

त्या संध्याकाळी जुन्या घरी कार्यकर्त्यांची पंगत उठल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली,

“सर, तुम्ही पण जेवून घ्या.”

मला वाटलं, थट्टा. सगळे सर म्हणतात म्हणून म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कडवटपणाही नव्हता. पाहुण्याला वाढताना असतो तसा चेहरा होता. त्या दिवसापासून मी सर. तुम्ही. फोन केला तरी — बरे आहात ना सर? माझ्या मुलीच्या लग्नात तिनं माझ्या अंगावर अक्षता टाकल्या आणि म्हणाली, सर, आता सुटलात. नामू ती पुन्हा कधीच म्हणाली नाही. आणि मी, लोकसभेत कुणाच्याही डोळ्याला डोळा देऊन बोलणारा माणूस, तिला एकदाही विचारू शकलो नाही की बाय, का?

विचारायचं कशाला? मला माहीत होतं.

लोकसभेतलं माझं पहिलं भाषण खारभूमीच्या बंधाऱ्यांवर होतं. तेच वाक्य तिथेही म्हणालो. बाकं वाजली. पुढे आमच्या काठ्याचं दगडी काम मंजूर झालं — ते मी करून आणलं, त्यात खोट नाही, आज तो काठा उधाणाला दाद देत नाही. काम संपल्यावर गावच्या पोरांनी तिथे पाटी लावली, पांढऱ्यावर निळी अक्षरं: नामूची खांड. उद्घाटनाला बाय आली होती. पाटीपुढे उभी राहून म्हणाली, रंग चांगला लावलाय.

आणि भाऊबीज. ही एक गोष्ट सांगतो, मग झालं. ओवाळताना तबक कपाळापर्यंत न्यायला लागतं. तिचा हात जात नाही. आणि ओवाळणं उजव्या हातानंच, हे तिचं ठाम. म्हणून मी पाटावरून खाली उतरतो, जमिनीवर बसतो, मान लववतो. तबक माझ्या डोक्याभोवती फिरतं. एका वर्षी एका वार्ताहरानं फोटो काढला. खाली छापलं होतं — बहिणीपुढे नतमस्तक खासदार. तो फोटो खूप फिरला. लोकांनी मला नम्र म्हटलं. पुढच्या निवडणुकीत पक्षानं तो पत्रकावर घेतला. मी नको म्हटलं नाही.

यंदा मी उभा राहिलो नाही. तब्येतीचं कारण दिलं. गाडी नाही, माणसं नाहीत, एकटा चौलला गेलो. बाय ओटीवर बसून सुपारी कातरत होती, डाव्या हातानं अडकित्ता चालवत. उजवा फक्त सुपारी धरायला. वाडीत पाटाचं पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. मी समोर बसलो. ठरवून गेलो होतो की सांगायचं. काय सांगणार होतो तिला? तिला माहीत नसलेलं काय होतं माझ्याकडे? तरी तोंड उघडलं. म्हटलं, बाय, त्या दिवशी मी —

ती सुपारीकडेच बघत होती. म्हणाली,

“त्या दिशी लाँच मिलाली व्हती ना तुला? येलेवर?”

तुला. ती तुला म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं हा एकच प्रश्न मला विचारला. टोमणा होता का? मी तिचा चेहरा वाचायला बघितला. नव्हता. किंवा असेल. मला वाटतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती पाण्यात उभी असताना, खांदा बांबूवर आपटत असताना, तिच्या मनात हेच असावं — की एवढं करून त्याला लाँच मिळाली का.

मी म्हटलं, “मिळाली.”

“मंग बेस.”

अडकित्ता चालत राहिला. मी वाट बघत होतो. लहान पोर वाट बघतं तशी, त्या एका हाकेची. अजून एक शब्द, दोन अक्षरं. मग आतून सुनेनं चहा आणला, आणि बाय म्हणाली, घ्या सर, थंड होईल.

मी चहा घेतला. माझं वाक्य अर्धंच राहिलं. ते इथे पुरं करतोय.

परतताना गावावरून गेलो. भरती लागली होती. पाटीवरचा निळा रंग उन्हानं फिका पडलाय, पण वाचता येतो. खाडीत लाँच होती, धक्क्याकडे निघालेली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो.

ती खांड हिराची आहे. ती पाण्यात उभी होती. मी लाँचवर होतो.